वरचा आणि खालचा

हातांनी करावयाच्या कामांशी आमचा संबंध आयुष्यभर खडूपुरताच राहिला. एकतीस वर्षे आम्ही वसईच्या एका शाळेत विज्ञान शिकविले. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे वाक्य या काळात फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. त्या वाक्याखाली दोन नळकांडी काढायची, एक बारीक, एक जाड. बारकीवर छोटा बाण, जाडीवर मोठा बाण. आणि ‘मोटारीचा ब्रेक व क्लच ही या तत्त्वाची उदाहरणे होत’ एवढे उच्चारीपर्यंत तासाची घंटा व्हायची. प्रत्यक्ष क्लचचा सिलिंडर कसा दिसतो, गाडीत तो कोठे बसविलेला असतो, हे आम्ही कधी पाहिलेले नव्हते. कोणा विद्यार्थ्यानेही विचारले नाही. तो पाहण्याचा योग आला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि तोही गाडीत डोके खाली, पाय सीटवर अशा अवस्थेत.

गाडी आमची नव्हे, दादांची. दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. १९९९ साली त्यांनी रस्त्यालगतची पाच गुंठे वाडी विकली आणि टाटा सुमो आणली. ही गाडी १९९४ मध्ये बाजारात आली होती आणि आम्ही वर्गात मुलांना मोठ्या अधिकाराने सांगत असू, की हे नाव जपानी पहिलवानांवरून घेतले आहे. ते नाव सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांचे आहे, हे आम्हांला पुढे दादांनीच सांगितले. शिक्षकाला त्याची चूक दाखवून देण्यातला आनंद त्यांनी बराच काळ पुरवून वापरला. असो. वाडी वडिलोपार्जित होती, तेव्हा कागदावर आमचीही सही लागली. सही आम्ही केली, पण गाडीत पाऊल ठेवले नाही. त्या पाच गुंठ्यांत आमच्या आईने लावलेली मोगऱ्याची रांग होती. दादांचे म्हणणे असे, की मोगरा दादरला न्यायला गाडीच नसेल तर मोगरा ठेवून करायचे काय? दोन्ही बाजूंना तथ्य असले म्हणजे भांडण मिटत नाही, ते नुसते मुरते. २००४ च्या अखेरीस सगळे घर सुमोत बसून शव-प्रदर्शनाच्या निमित्ताने जुन्या गोव्यास गेले, तेव्हा आम्ही मागाहून एस.टी.ने गेलो. तेथल्या रांगेत भेट झाली. दादांनी विचारले, ‘‘प्रवास बरा झाला?’’ आम्ही म्हटले, ‘‘झाला.’’

२०१८ साली दादांची मूत्रपिंडे थकली आणि आठवड्यातून दोनदा, सोमवारी व गुरुवारी, डायलिसिस सुरू झाले. दोन्ही पुतणे परदेशी. डाव्या हातात फिस्टुला केल्यावर दादांनी गाडी चालविणे सोडले आणि किल्ली आमच्याकडे आली. एकोणीस वर्षे ज्या गाडीत बसलो नव्हतो, त्या गाडीचे आम्ही सारथी झालो. सकाळी पावणेसहाला निघायचे, चार तास रुग्णालयाच्या बाकावर वर्तमानपत्र वाचायचे, परत यायचे. वाटेत संभाषण बेताचेच. ‘‘पाणी किती प्यालास?’’ ‘‘अर्धा लिटर.’’ ‘‘बरं.’’

आता मूळ प्रसंग. तारीख १३ एप्रिल २०२०, सोमवार. आदल्या दिवशी घरात बसून झालेला ईस्टर. टाळेबंदीला वीस दिवस होत आले होते, लोकल बंद, गॅरेजे बंद. डायलिसिस आटोपून परतीच्या वाटेवर आम्ही एका वळणावर क्लच दाबला तो थेट तळाला गेला आणि तेथेच राहिला. बोटाने वर ओढावा लागला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. गिअर टाकू गेलो तर आतून दात खाल्ल्यासारखा करकराट. मागच्या सीटवर आडवे झालेले दादा डोळे न उघडताच म्हणाले, ‘‘गेला.’’

आमचे नेहमीचे मिस्त्री जौनपूरकडले. वीस वर्षे आमच्याच नाक्यावर चिंचेखाली गॅरेज; होळीला गावी गेले ते तिकडेच अडकले. रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही त्यांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘सर, घाबरू नका. इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, आणि तसाच सेल्फ मारा. झटका देईल, पण चालेल.’’ इंजिन बंद असताना गिअर निमूट पडतो आणि सेल्फ मारला की गाडी गिअरमध्येच एक उडी घेऊन चालू होते, हे ज्ञान आम्हांस त्या दिवशी झाले. साडेसहा किलोमीटर अंतर आम्ही पहिल्या गिअरमध्ये तोडले. एक कुत्रा आम्हांला मागे टाकून गेला. वाटेत पोलिसांचे दोन नाके. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवायची म्हणजे इंजिन बंद करायचे, आणि निघताना पुन्हा तीच उडी. दुसऱ्या नाक्यावरचा शिपाई दोन पावले मागे सरला.

वाचक म्हणतील, दुसऱ्या कोणाची गाडी मागायची. मागितली असती, पण पोलिसांचा परवाना याच गाडीच्या क्रमांकावर निघालेला होता, आणि त्या दिवसांत रुग्णालयातून येणाऱ्या माणसाला शेजारी लांबूनच हात जोडत. त्यांनाही आम्ही दोष देत नाही. रुग्णवाहिकेसाठी फोन केला. मिळेल, पण वेळेची खात्री नाही असे उत्तर मिळाले. डायलिसिसची पाळी मात्र वेळेशी बांधलेली. पाळी हुकली तर दोन दिवसांत पाणी छातीत चढते, हे आम्ही दोन वर्षांपूर्वी एकदा पाहिले होते. तो प्रसंग येथे नको. मंगळवारी सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे दूरदर्शनवर ऐकले आणि उरलेला विचारही संपला. गुरुवार पहाटेपर्यंत गाडी चालली पाहिजे, आणि ती आम्हीच दुरुस्त केली पाहिजे.

क्लच कसा चालतो, याविषयी थोडे सांगितले पाहिजे. पायाने पॅडल दाबले की त्याच्या मागची दांडी इंजिन आणि आपण यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून पलीकडे जाते आणि एका सिलिंडरातला दट्ट्या ढकलते. हा वरचा सिलिंडर. त्यातले तेल एका बारीक नळीतून खाली गिअरबॉक्सपाशी जाते आणि तेथल्या दुसऱ्या सिलिंडरातला दट्ट्या बाहेर सरकविते. तो एक दांडा रेटतो आणि क्लच प्लेट मोकळी होते. इंग्रजीत यांपैकी वरच्याला मालक आणि खालच्याला गुलाम म्हणतात. आमच्या मिस्त्रींची भाषा अधिक सभ्य आहे. ते नुसते ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणतात. समजा, वरच्याचा व्यास १६ मिलिमीटर आणि खालच्याचा २० मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळे वर्गाच्या प्रमाणात असल्याने खालचा दट्ट्या सुमारे दीडपट जोराने ढकलला जातो, आणि त्याच हिशेबाने तो सरकतो मात्र कमी. फुकट काही मिळत नाही. जोर वाढला की अंतर घटते.

हे सारे ज्याच्या डोक्यातून निघाले त्या ब्लेझ पास्कलविषयी आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्याकडे तर दर आळीला एखादा पास्कल सापडतो. १६२३ ते १६६२ एवढेच त्याचे आयुष्य. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ १६६३ साली, म्हणजे त्याच्या पश्चात, छापून निघाला. त्यात त्याने असे मांडले आहे, की पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे असतील आणि एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असेल, तर लहान तोंडाचा दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या तोंडाशी लागलेल्या शंभर माणसांच्या बरोबरीचा ठरतो. हे आम्ही दरवर्षी शिकवीत होतो. न शिकविलेली गोष्ट अशी, की या माणसाने गाड्यांचाही विचार केला होता. मार्च १६६२ मध्ये पॅरिस शहरात ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळी, पाच सू भाड्यात बसता येईल अशा घोडागाड्या सुरू झाल्या, त्या त्याच्या कल्पनेतून. आणि त्या धंद्यातल्या आपल्या वाट्यापोटी आगाऊ रक्कम घेऊन ती ब्लुआ प्रांतातल्या गरिबांना धाडावी असे त्याच्या मनात होते, हे त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. ऑगस्टमध्ये तो वारला.

मंगळवारी दुपारी निदान झाले. मिस्त्रींनी फोनवरून सांगितले, ‘‘सर, पॅडलच्या मागे दांडीला हात लावून बघा. ओलं आहे?’’ ओले होते, बुळबुळीत. ‘‘आता खाली गिअरबॉक्सला, खालच्याच्या रबराला हात लावा.’’ ते कोरडे होते. ‘‘मग वरचाच गेला. पण ते ओलं इंजिन ऑइल नाही ना, बघून घ्या.’’ ते कसे बघायचे हे त्यांनी सांगितले आणि आमच्यातला शिक्षक सुखावला. पेलाभर पाण्यात बोटाचे तेल निथळू द्यायचे. इंजिनचे तेल असेल तर तरंगेल, ब्रेक ऑइल असेल तर पाण्यात मिसळून जाईल. (क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असते.) मिसळून गेले. एकतीस वर्षांत आम्ही वर्गात केलेल्या कोणत्याही प्रयोगापेक्षा हा प्रयोग अधिक साधा होता आणि त्याच्या उत्तरावर काहीतरी अवलंबून होते.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषते. बाटली उघडी राहिली तरी शोषते, गाडीत वर्षानुवर्षे राहिले तरी झाकणातून, रबरी नळीतून हळूहळू शोषते; आणि आमचा सारा मुलूख तर खाडी नि समुद्र यांच्या मध्ये वसलेला. नवे डॉट ३ प्रतीचे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. शिवाय त्या पाण्याने सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढतो, बारीक खड्डे पडतात, त्यांवर घासून दट्ट्याच्या रबराची कड फाटते, आणि दाबलेले तेल पुढे जाण्याऐवजी मागे सरकते. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे असे जाणकार सांगतात. किल्ली हाती आल्यापासून आम्ही एकदाही बदलले नव्हते. कुपीचे झाकण काढले तर आत कॉफीसारखा काळपट द्रव. गाडीचा दोष काही नव्हता, आमचाच होता.

आम्ही हे सारे ओट्यावर बसलेल्या दादांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे हिच्याही अंगात पाणी झालं.’’

नुसती रबरे बदलून भागेल का, असे आम्ही विचारले होते. त्याचे किट मिळते, स्वस्तही असते. मिस्त्रींनी साफ नाही म्हटले. आत खड्डे पडलेले असले तर नवे रबर महिनाभरात फाटते. आख्खा सिलिंडर बदला. सुट्या भागांचे दुकान आमच्यापासून चार किलोमीटरवर. दुकानदार दुकानावरच राहतो आणि दादांना ओळखतो. शटर उघडायची त्याची प्राज्ञा नव्हती, पण बुधवारी सकाळी भाजीच्या वेळेत आम्ही सायकलने गेलो तेव्हा मागल्या कुंपणाच्या भिंतीवर खोके आणि तेलाची सीलबंद बाटली ठेवलेली होती. आम्ही पैशाचे पाकीट तेथे ठेवले आणि दहा हात मागे झालो. वरच्या खिडकीतून त्याने विचारले, ‘‘दादा कसे आहेत?’’

काम सकाळी दहाला सुरू झाले. आदल्या रात्रीच नटांवर रॉकेल सोडून ठेवले होते. दादांनी प्लास्टिकची खुर्ची गाडीच्या उघड्या दारापाशी आणवून घेतली. उद्याची पाळी, त्यामुळे त्यांच्या पायांवर सूज होती, श्वासही जड होता. आत जाऊन पडा असे वहिनींनी दोनदा सांगितले. ते हलले नाहीत.

पहिली अडचण दांडी आणि पॅडल यांना जोडणाऱ्या पिनेची. तिला आडवी एक दुपाखी पिन असते, तिचे पाय सरळ करून ती ओढून काढायची. जागा अशी, की तेथे डोळा पोहोचतो तेव्हा हात पोहोचत नाही. आम्ही पाठीवर निजलो, डोके पॅडलांखाली घातले, विजेरी दातांत धरली. चष्मा कपाळावर घसरला. पिनेचा एक पाय तुटून आमच्या छातीवर पडला. जुनी तार घालू नका, ही मिस्त्रींची सक्त ताकीद. ती निघाली तर भर रस्त्यात पॅडल लुळे पडेल. आता नवी पिन कोठून आणायची? ‘‘बिस्किटांच्या डब्यात बघ,’’ दादा म्हणाले, ‘‘पंपाच्या खोलीत, तिसऱ्या फळीवर. कागदाच्या पुडीत आहेत.’’ होत्या. विहिरीवरच्या पंपासाठी आणलेल्या, तीन मापांच्या, पुडीवर पेन्सिलीने लिहिलेल्या. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही इतकी शिस्त नव्हती.

दुसरी अडचण अधिक मोठी. बॉनेटच्या बाजूने, सिलिंडरला जोडलेल्या तेलाच्या नळीचा नट सोडवायचा होता. पितळी नळीवरचे हे नट नरम असतात. आम्ही साधा पाना लावला आणि जोर केला. पाना किंचित सरकला. आम्हांला तो सरकल्याचे कळलेही नाही. दादा गाडीच्या दुसऱ्या बाजूला, दाराआड बसलेले. त्यांना काही दिसत नव्हते. ‘‘थांब,’’ ते ओरडले. ‘‘कोपरा घासतोय.’’ नुसत्या आवाजावरून. मग त्यांनी सांगितले, की त्याच डब्याखाली एक रिंग पाना आहे, त्याचे कडे एका जागी करवतीने कापले आहे, तो आण. नळी त्या फटीतून आत घालायची आणि कडे नटावर उतरवायचे, म्हणजे नटाचे दोन कोपरे पकडण्याऐवजी जवळजवळ सगळे पकडले जातात. हा पाना त्यांनी स्वतः कापून केला होता, कधी काळी इंजिनच्या डिझेलच्या नळ्यांसाठी. नट पहिल्या झटक्यात सुटला. असा पाना बाजारात तयार मिळतो हे आम्हांस पुढे कळले. तरी आमच्या लेखी तो दादांचाच शोध आहे.

नळी निघताच बोटभर तेल बॉनेटखालच्या पत्र्यावर सांडले. ‘‘पाणी मार, पाणी!’’ पुन्हा दादाच. हे तेल रंग खाते. पण पाण्यात विरघळते, म्हणून लगेच धुतले तर वाचते. आम्ही कळशी आणीपर्यंत तळहाताएवढ्या जागेतला रंग सुरकुतला होता.

बाकी दोन नट काढले आणि जुना सिलिंडर हातात आला. पेरूएवढा धातूचा तुकडा. दांडी दाबली तर दट्ट्या आत गेला आणि परत यायला कुरकुरला. नवा त्याच्या जागी बसविणे तुलनेने सोपे. फक्त नळीचा नट आधी बोटांनीच फिरवायचा, पाना लावायचा नाही, कारण आटे तिरके बसले तर नवा सिलिंडरही फुकट. आम्ही पाच वेळा तिरके बसविले. सहाव्यांदा तो आपणहून फिरत गेला, आणि त्या क्षणी बोटांना जे समाधान झाले त्याचे वर्णन करण्याचा मोह आम्ही आवरतो.

दांडीच्या लांबीबद्दल मात्र सांगावेसे वाटते, कारण ही गोष्ट आमच्या फळ्यावरच्या आकृतीत कधीच नव्हती. मिस्त्री म्हणाले होते, ‘‘पॅडल नखाएवढं मोकळं हललं पाहिजे, सर. एकदम टाईट नको.’’ का, ते त्यांनी सांगितले नाही. आम्ही सिलिंडर उजेडात धरून पाहिले तेव्हा उमगले. दट्ट्या पूर्ण मागे आला की त्याच्यापुढे एक सुईच्या अग्राएवढे भोक उघडे पडते, त्यातून सिलिंडर आणि वरची कुपी जोडली जातात. इंजिनच्या उष्णतेने तेल फुगले तर जास्तीचे तेल या भोकातून कुपीत परत जाते. दांडी किंचित लांब राहिली तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, भोक झाकलेले राहते, फुगलेल्या तेलाला वाट मिळत नाही आणि कोणी पाय न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. प्लेट घसरत घसरत जळते. दाबाचा नियम आम्ही इतकी वर्षे शिकविला, दाब सुटायला वाट लागते हे शिकविले नाही.

आता हवा काढायची राहिली. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पायाचा सारा जोर तो बुडबुडा पिऊन टाकतो. त्यासाठी खालच्या सिलिंडरला एक छोटे निपल असते. त्याला पारदर्शक नळी लावायची (शेजारच्या मुलाने आपल्या माशांच्या पेटीची दिली, कुंपणावरून फेकून), नळीचे टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवायचे. मग एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सोडायचे, हवा व तेल बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचे, आणि मगच पॅडल सोडायचे. क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. शिवाय वरची कुपी रिकामी होऊ द्यायची नाही. म्हणजे माणसे तीन लागतात. वहिनी बाटली घेऊन बॉनेटपाशी उभ्या राहिल्या. आम्ही गाडीखाली गोणपाटावर आडवे झालो. पॅडलवर कोण, हा प्रश्न विचारण्याआधीच वर सीटचा आवाज झाला. दादा चालकाच्या जागेवर बसले होते, दोन वर्षांनंतर.

‘‘डाव्या हाताने कशाला धरू नकोस,’’ आम्ही खालून म्हटले.

‘‘क्लच पायाने दाबतात,’’ वरून उत्तर आले.

आणि सुरू झाले. ‘‘दाब.’’ ‘‘दाबला.’’ ‘‘धर.’’ निपल सोडले की नळीतून फसफसत काळे तेल आणि बुडबुडे बाटलीत उतरत. निपल बंद. ‘‘सोड.’’ ‘‘सोडला.’’ वडील भावाला असे हुकूम सोडण्याचा प्रसंग आमच्यावर पूर्वी आला नव्हता. दर पाच-सहा खेपांनंतर दादा थांबत. वरून त्यांच्या श्वासाचा आवाज येई. एकदा त्यांनी दारातून वाकून बाटलीकडे पाहिले. ‘‘बुडबुडे अजून बारीक यायला हवेत,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या मशिनला एक बुडबुडा दिसला की घंटा वाजते आणि पंप थांबतो. नर्स टिचक्या मारते नळीला. तूही मार.’’ आम्ही गाडीच्या नळीला टिचक्या मारल्या. अडकलेला एक टपोरा बुडबुडा सुटून वर आला.

विसाव्या की पंचविसाव्या खेपेला, पॅडल तळाला दाबलेले, निपल उघडे, तेल स्वच्छ होत आलेले, अशा वेळी वरून आवाज आला, ‘‘त्या पाच गुंठ्यांचा राग आहे का रे अजून?’’

आम्हांला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, त्यांना आमचा. वीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता, आणि आम्ही उत्तर तयार ठेवलेले नव्हते. काहीतरी बोलायला हवे म्हणून तोंडातून सवयीने निघाले, ‘‘सोड.’’

त्यांनी पाय उचलला. निपल उघडेच होते. नळीतून सारी हवा सुळ्ळकन आत गेली.

वर क्षणभर शांतता. मग दादा हसू लागले, खोकला येईपर्यंत हसले. वहिनी ‘काय झालं, काय झालं’ करीत दाराशी आल्या. बॉनेटपाशी कोणी राहिले नाही आणि कुपीही तळाला गेली. सगळे काम पहिल्यापासून करावे लागले. दुसऱ्या वेळी चाळीसच्या वर खेपा झाल्या. त्या अवधीत आमचे थोडे बोलणे झाले. दादांनी सांगितले, की पाच गुंठे विकण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मोगऱ्याची चार रोपे मुळांसकट काढून विहिरीमागे लावली होती, दोन जगली. आम्ही तो मोगरा वर्षानुवर्षे पाहत होतो. तो कोठला, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास पॅडल पायाखाली घट्ट लागू लागले. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, ‘‘इंजिन चालू ठेवा, क्लच दाबून तीन आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्स खोटं बोलत नाही.’’ पुढचे गिअर थोडीफार चूक सांभाळून घेतात, मागचा घेत नाही. तीन मोजले, टाकला. आवाज नाही. पलीकडून विचारले गेले, ‘‘पडला?’’ आम्ही हो म्हणताच ते म्हणाले, ‘‘आता मी आलो की मला पगार द्या, सर,’’ आणि हसले. ते ऑक्टोबरात आले. पैसे घ्यायला तयार नव्हते.

रात्री गाडीखाली आणि पॅडलखाली जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवली आणि तीन वेळा उठून विजेरीने पाहिली. कोरडी होती. दादा त्यानंतर सोळा महिने होते. गाडीची नोंदणी २०२४ मध्ये संपली, तेव्हा ती मोडीत दिली. बॉनेटखालचा तो सुरकुतलेला डाग शेवटपर्यंत होता. कापलेला पाना आमच्याकडे आहे.

गुरुवारी पहाटे पावणेसहाला निघालो. अंधार होता, रस्त्यावर कोणी नव्हते. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, पाय हलकेच उचलला. गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. दादा या वेळी मागे आडवे न होता पुढे, आमच्या शेजारी बसले होते. आळी ओलांडली, विहीर गेली, नाक्यावरची चिंच गेली. आमचे सारे लक्ष डाव्या पायाकडे. पॅडल पुन्हा तळाला तर जात नाही ना, या विचाराने आम्ही त्याला स्पर्शही न करता तसेच चाललो होतो. इंजिन ओरडू लागले होते.

‘‘अरे,’’ दादा म्हणाले, ‘‘आता तरी दुसरा टाक.’’